सायमन अंकलच्या बीटलचा पंप

मंडळी, आज आपल्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

माझी जुनी जर्मन बीटल गाडी महिनाभर गरम झाली की बंद पडतेय. प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला, इंजिनला पेट्रोल पुरवणारा पंप मागवला, तो चुकीचा आला. काल भुईगावच्या सायमन अंकलना फोन केला. त्यांचीही बीटलच. म्हणाले, "माझा पंप लावून बघ. चालली, तर तुझा पंप गेलाय समज. उद्या ये, काढून ठेवतो."

आपण सगळे असंच करतो ना? चालू गाडीचा पार्ट काढायचा आणि बिघाड पकडायचा.

सकाळी नायगावहून गेलो, तर अंगणात खुर्च्या मांडलेल्या. अंकल पहाटे गेले.

आंटी म्हणाल्या, "छातीत दुखायला लागलं, तशी मी शेजाऱ्यांना उठवून गाडीची चावी दिली. गाडी चालूच होईना. तेव्हा हे म्हणाले, पंप काढलाय. मग रिक्षा शोधत बसलो."

बीटल तिथेच उभी होती, मागचं इंजिनचं झाकण उघडं.

निघताना त्यांनी पेपरात गुंडाळलेला पंप माझ्या हातात ठेवला. "तुझ्यासाठी काढलेला. घेऊन जा." मला नाही म्हणता आलं नाही.

आता तो समोर टेबलावर आहे. पेपरला पेट्रोलचा वास येतोय.

'नशिबात होतं' वगैरे कृपा करून कोणी लिहू नका. एवढंच सांगा, उद्या दफनाआधी जाऊन हा त्यांच्या गाडीला परत बसवू का?