जावयाची गाडी आणि अटलांटिकची भरती

आमच्या लग्नाच्या तेहतिसाव्या वाढदिवशी मी जावयाची गाडी अटलांटिक महासागरात बुडवली. पूर्ण नाही, अर्धीच. (पण अर्धी बुडालेली गाडी आणि पूर्ण बुडालेली गाडी यांत फार फरक असतो, हे कोणी आपल्या जावयाला पटवून दाखवावं!)

यात सांगायला लाज वाटते अशी एक गोष्ट आहे, ती आधीच सांगून टाकतो. मी अमरावतीच्या एका शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. भरती-ओहोटी हा माझा आवडता धडा. एका हातात पृथ्वी म्हणून फुटबॉल, दुसऱ्या हातात चंद्र म्हणून लिंबू, आणि मी वर्गभर गरगर फिरतोय! पोरं खूश, मी खूश. अमरावतीहून समुद्र इतका लांब, की मी काहीही सांगितलं तरी तपासायला कोण जाणार? मी स्वतः समुद्र एकदाच पाहिला होता, मुंबईत, टॅक्सीच्या खिडकीतून. तेव्हा तो मुकाट्यानं आपल्या जागेवर होता.

आमची लेक प्राची आणि जावई केदारराव आयर्लंडला असतात. आम्ही दोन महिन्यांसाठी त्यांच्याकडे गेलो होतो. लग्नाचा वाढदिवस जवळ आला तसं प्राचीनं टुमणं लावलं, "बाबा, आईला पश्चिम किनाऱ्यावर फिरवून आणा. दोघंच जा. समुद्राच्या कडेकडेनं रस्ता आहे, फार सुंदर." त्यांच्याकडेही आपल्यासारखीच डावीकडून गाडी चालवतात. केदाररावांनी विम्यात माझं नाव घातलं आणि आठ महिन्यांपूर्वी घेतलेल्या गाडीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. केदारराव पुण्याचे. किल्ली देताना ते हसत होते, पण किल्ली सोडत नव्हते. मला थोडी ओढावीच लागली.

आमची ही, म्हणजे शालिनी, मूळची अकोल्याची. लग्नानंतर मी तिला फिरायला म्हणून चिखलदऱ्याला नेलं होतं, तेही एस.टी.नं. वाटेत परतवाड्याला तिची आत्या राहते म्हणून जेवायला उतरलो, ते चार दिवस तिथंच राहिलो. चिखलदरा राहिलाच. तेव्हापासून कुठंही जायचं ठरलं की ही विचारते, "तिथी कोनाची आत्या तर नाई ना?"

अटलांटिकच्या किनाऱ्याला कोणाचीच आत्या नव्हती. जूनचं लख्ख ऊन होतं. एका बाजूला हिरवे डोंगर, दुसऱ्या बाजूला निळा समुद्र, आणि मधल्या अरुंद रस्त्यावर मी आणि मेंढ्या. ही खास केशरी सिल्कची साडी नेसून माझ्या शेजारी बसली होती.

"अवो, समोर पाहा ना! समुद्र काय पाहून राह्यले?"

"अवं, समुद्र पाहाले तर आलो आपण!"

"मी पाहते समुद्र. तुमी मेंढ्या पाहा."

दुपारी एका मोठ्या वाळूच्या किनाऱ्यावर आलो. काय किनारा! अंजनगाव सुर्जीच्या आमच्या वावरापेक्षा सपाट! आणि काय आश्चर्य, लोकांनी गाड्या थेट वाळूवर आणून लावलेल्या. मीही घातली. पण पाच-सात गाड्यांच्या गर्दीत लग्नाचा वाढदिवस काय साजरा करायचा? म्हणून मी गाडी आणखी पुढं नेली, पाण्याच्या दिशेनं, चांगली दोन-अडीचशे पावलं.

"इतक्या समोर काहून चाल्ले?" हिनं विचारलं.

"एकांत पाह्यजे ना!"

ही लाजली. तेहतीस वर्षांनी बायको लाजली की माणसाची विचारशक्ती जाते. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

आम्ही सतरंजी अंथरली. तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, डब्यात शिरा. वारा असा की पुरीसोबत वाळू फुकट! जेवता जेवता माझ्या लक्षात आलं, की मागच्या गाड्या एकेक करून चालल्या आहेत.

"पाह्य," मी म्हणालो, "आपल्याले एकांत देऊन राह्यले. किती सभ्य लोक!"

शेवटच्या गाडीजवळ एक बाई कुत्र्याला घेऊन उभी होती. ती दोन्ही हात उंच करून आमच्याकडे बघून काहीतरी ओरडली. मीही दोन्ही हात उंच केले आणि जोरात "हॅलो!" म्हणालो. ती आणखी ओरडली. मी आणखी हात हलवले. शेवटी कुत्रं भुंकलं आणि ती निघून गेली. "इथली माणसं लय प्रेमळ," मी हिला सांगितलं.

"अवो, पानी जवळ आल्यासारखं वाटते," ही म्हणाली.

झालं! माझ्यातला मास्तर जागा झाला. फुटबॉल नव्हता, म्हणून मी शिऱ्याचा डबा घेतला. "हे पाह्य, हे पृथ्वी. भरती-ओहोटीचा फेरा सहा-सहा तासांचा. आपण आलो तवा ओहोटी होती. म्हंजे सहा तास चिंता नाई!" (ओहोटी सुरू होऊन किती तास झाले, हे आधी पाहायचं असतं. ही बारीकशी गोष्ट एकतीस वर्षं माझ्या शिकवण्यातून राहून गेली असावी. माझ्या समस्त विद्यार्थ्यांनी कृपया नोंद घ्यावी.)

एवढं समजावून मी आडवा झालो. पोटात शिरा, डोक्याखाली बायकोची पर्स, कानात लाटांचा आवाज. डोळा लागला.

जाग आली ती पाठ गार पडली म्हणून. सतरंजी ओली! मी उठून बसतो तो ही कमरेवर हात ठेवून उभी.

"तुमचे सहा तास झाले वाटते!"

समोर पाणी होतं. त्याचं मला काही वाटलं नसतं. पण मागेही पाणी होतं! वाळूत खोलगट भाग होता, तिथून समुद्र गुपचूप मागच्या दारानं आत शिरला होता. आम्ही मधे. गाडीची चाकं निम्मी पाण्यात.

मी गाडीत उडी मारली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला. चाकं गरगर फिरली आणि गाडी पुढं जाण्याऐवजी खाली गेली.

"तू ढकल!" मी ओरडलो.

हिनं पदर खोचला आणि ढकललं. चाकांनी अर्धा किनारा उचलून हिच्या अंगावर टाकला. केशरी साडी क्षणात ओल्या वाळूच्या रंगाची झाली.

"आता तुमी ढकला," ही डोळ्यांतली वाळू काढत म्हणाली, "मी आत बसते."

"तुले येते का चालवाले?"

"तुमाले तरी कुठी येते!"

ती आत बसली. मी मागून ढकललं. तिनं जे हाताला लागलं ते दाबलं. गाणं सुरू झालं, सगळे दिवे लुकलुकायला लागले, आणि काचेवर पाण्याच्या चिळकांड्या उडून वायपर फिरू लागला. खाली पाणी कमी होतं, म्हणून वरूनही मारून राहिली होती!

आणि मग मला पासपोर्ट आठवले. दोघांचे पासपोर्ट डॅशबोर्डच्या खणात! मी धावत पुढं आलो, खण उघडला. रिकामा!

"पासपोर्ट गेले, शालू!"

"माह्या पर्सीत हायत. तुमी डोक्याखाली घेऊन झोपले होते ना, तवाचे. काही कळते का तुमाले, बह्याडासारखं!"

आसपास चिटपाखरू नव्हतं. रस्त्यालगत मोबाइलला असलेली रेंज इथं पाण्याकाठी नव्हती. लांब, किनाऱ्यापलीकडच्या उतारावर एक घर दिसत होतं. हिनं चपला काढून हातात घेतल्या.

"मी जाते मदत पाहाले. तुमी गाडी धरून ठेवा."

आणि माझं डोकं इतकं बंद पडलं होतं, की मी खरोखरच गाडी धरून ठेवली! एका हातानं दाराचं हँडल पकडून मी अटलांटिक महासागराविरुद्ध उभा राहिलो. जसं काही मी सोडली की ती पोहत अमेरिकेला जाणार होती.

ती त्या खोलगट भागातून निघाली. पाणी गुडघ्यापर्यंत, मग थोडं वर. मधेच तिचा तोल गेला. तिला पोहता येत नाही. मलाही येत नाही. मी गाडी सोडून चार पावलं पळालो तोवर ती सावरली, मागं वळली आणि ओरडली, "गाडी धरा!" मग ती पलीकडे चढली आणि वाळूच्या टेकाडाआड दिसेनाशी झाली.

ती वीस मिनिटं मी विसरणार नाही. पाणी माझ्या गुडघ्यांना लागत होतं आणि मी देवाला सांगत होतो, गाडी घे, माझा पासपोर्ट घे, हवं तर जावईसुद्धा रागावू दे, पण ती पडली-बिडली नसू दे. तेहतीस वर्षांत त्या बाईला एकदाच समुद्रावर आणलं, आणि तेही असं!

मग फटफट आवाज आला. टेकाडावरून एक निळा ट्रॅक्टर उतरत होता. वर एक लालबुंद चेहऱ्याचा म्हातारा शेतकरी, आणि त्याच्या शेजारी, एका हातानं दांडा धरून, दुसऱ्या हातात चपला घेऊन, आमच्या सौभाग्यवती! मला तर पालखीच येताना दिसली.

हिला इंग्रजी जेमतेम. पुढं मी विचारलं, की तू त्याला सांगितलं काय? म्हणाली, "काही नाई. 'हजबंड, कार, वॉटर.' समजलं त्याले." तीन शब्दांत आमचा सगळा संसार सांगून मोकळी!

म्हाताऱ्याचं नाव मायकल. त्यानं पाण्यात उतरून गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या हातात फावडं दिलं. इथं मात्र मी कामाला आलो. काळ्या मातीत रुतलेल्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, काढण्यात आमचं बालपण गेलं. चाकापुढची वाळू उकरायची, फळ्या सारायच्या, दोर कुठं बांधायचा, हे मला सांगावं लागलं नाही. मायकलनं मान डोलवली. "शेतकरी?" त्यानं विचारलं.

"वडील," मी छाती पुढं काढून म्हणालो.

"आणि तुम्ही?"

मी खोकलो. दोराची गाठ तपासली. विषय हवामानाकडे वळवला. पण सौभाग्यवतींना इंग्रजीचा चौथा आणि पाचवा शब्द नेमका तेव्हाच आठवला.

"टीचर!" ती अभिमानानं म्हणाली. "जॉग्रफी!"

मायकलनं ट्रॅक्टर बंद केला. स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. त्याचे खांदे गदागदा हलत होते. पाणी चढत होतं, गाडी बुडत होती, आणि तो माणूस डोळे पुसत बसला होता! एवढा हशा मला एकतीस वर्षांत कुठल्याच वर्गात मिळाला नव्हता.

पण त्यानं काढली गाडी. एकदा सर्रकन आवाज झाला, वाळूनं चाकं सोडली, आणि ती निथळत, शेवाळाच्या माळा घालून वर आली. पाणी आतल्या पायपुसण्यांपर्यंतच पोचलं होतं. मायकलनं घरी नेऊन गोड्या पाण्याची नळी मारली, अर्धा तास वाट पाहिली आणि किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली! मी शालूचा हात धरला. तिनं काढून घेतला नाही. मायकलच्या बायकोनं तिला कोरडा स्वेटर दिला, आम्हाला चहा दिला. आम्ही उरलेल्या पुऱ्या दिल्या. पैसे घ्यायला तो तयार नव्हता. म्हणाला, "असं हसून फार दिवस झाले होते."

आता जावयाला फोन. मायकलच्या स्वयंपाकघरात मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होतो: "केदारराव, गाडीला जरासा समुद्राचा वारा लागला..." तेवढ्यात हिनं फोन ओढून घेतला.

"जावईबापू, तुमची गाडी समुद्रात गेली होती. आता परत आली."

पलीकडून केदारराव म्हणाले, "आई, तुम्ही दोघं बरे आहात ना? बाकी जाऊ द्या. गाडी काय, दुरुस्त होते."

हा माणूस किल्ली सोडत नव्हता असं मी मघाशी लिहिलं, ते मी मागं घेतो. पण डोक्यावरचं ओझं उतरलं आणि तोंड सैल सुटलं. मी फोन घेतला. "अहो, आमची काय चूक? साधी एक पाटी नाही लावलेली! एवढा प्रगत देश! मी सगळीकडे पाहिलं, एक पाटी दिसेल तर शपथ!"

"बाबा," मागून प्राचीचा आवाज आला, "दुपारी किनाऱ्यावर शिरताना आईनं तुमचा फोटो काढून ग्रुपवर टाकलाय. तो जरा मोठा करून बघा."

मी पाहिला. कमरेवर हात, डोळ्यांवर गॉगल, चेहऱ्यावर अटलांटिक जिंकल्याचा भाव. आणि माझ्या मागे भलीमोठी पिवळी पाटी! वरच्या ओळी त्यांच्या आयरिश भाषेत, त्या मी गावाचं नाव समजलो होतो. खालची इंग्रजी सूचना, भरतीच्या वेळा, गाडी कुठपर्यंत न्यावी, सगळं माझ्या पोटाआड गेलं होतं. कोपराच्या बेचक्यातून शेवटचे दोनच शब्द स्वच्छ दिसत होते: 'थँक यू'.

ते मात्र मी तिथं उभं राहताना वाचले होते. मला वाटलं, आल्याबद्दल म्हणताहेत!