दादाच्या घोड्यासाठी मागितलेली नाळ

दादाच्या घोड्याचा पाय माझ्यामुळं गेला, हे मी सहा महिने कुणाला सांगितलं नाही. सोनारीच्या जत्रेहून येताना एका मोटारसायकलवाल्यानं डिवचलं, म्हणून डांबरीवर घोडा पळवला. माझं वय बेचाळीस! त्याच्या पुढच्या पायाची नस, डॉक्टरी भाषेत कंडरा, फाटली. घरी सांगितलं, खड्ड्यात पाय गेला. दादा बिचारा त्या खड्ड्यालाच शिव्या देत राहिला.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, फाटलेलं भरून काढणाऱ्या मूळपेशींचं इंजेक्शन देऊन बघू. पण त्या काढायला घोड्याच्याच छातीच्या हाडात जाड सुई घालावी लागणार होती. "त्याला आणखी टोचायचं न्हाय," दादा म्हणाला. मग डॉक्टरांनीच दुसरा मार्ग सुचवला. आमची घोडी गाभण होती. शिंगराच्या नाळेतही त्या पेशी असतात. नाळ नाहीतरी टाकूनच देतात. सुई नाही, चीर नाही.

टाकून? आमच्याकडं व्याल्यावर पडलेली वार नाळेसकट फडक्यात बांधून वडाला टांगतात. वडाला चीक, तसं आईला दूध येतं म्हणतात.

सकाळी घोडी व्याली. डॉक्टर बर्फाची पेटी घेऊन हजर, वहिनी फडकं घेऊन.

"दूध आटलं तर शिंगराला डॉक्टरसाहेब पाजणार हायत व्हय?"

"वहिनी, बोटभर तुकडा पुरे."

"बोटभर न्हाय, नखभर न्हाय!"

घोडा पाय उचलून कोपऱ्यात उभा. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "वहिनी, खड्डा नव्हताच. डांबरीवर म्या पळवला त्याला."

शिंगरू उभं राहायच्या नादात दोनदा आपटलं. मग वहिनी डॉक्टरांना म्हणाल्या, "नाळ घेऊन जावा. वार माझी. आन् भावजी, वडावर तुम्ही चढायचं."

चढलो. खालून दादा ओरडला, "अजून वर! लई पळायची हौस ना?" त्याचा राग होताच, पण हसूही आवरत नव्हतं.

पेशी प्रयोगशाळेत वाढवून घोड्याच्या फाटलेल्या नसेत सोडल्या. नंतर कित्येक महिने मीच त्याला मातीवरनं चालवला. गुण इंजेक्शनचा किती, विश्रांतीचा किती, डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. पण गेल्या आठवड्यात घोडा दुडक्या चालीनं माळ चढला, आणि दादानं टोपी उडवली.

"बस त्याच्यावर," मला म्हणाला.

"नको, दादा."

"बस म्हणतो न्हवं!"

बसलो. लगाम मात्र त्यानं स्वतःच्या हातात ठेवला. वहिनी दारातून ओरडल्या, "नवरदेव निघाला व्हय?" अख्ख्या गावातनं दादानं मला तसंच, पावलापावलानं फिरवलं.