घंटेचं बहात्तर साल

सुनंदा गेल्याचा फोन तिच्या यजमानांनीच, दत्तूभाऊंनी केला. शनिवारची सकाळ होती. फोन ठेवला आणि रडू यायच्या आधी मला चक्क हसू आलं... शनिवारची सकाळची शाळा आणि सुनंदाची ती घंटा!

लोधिवलीजवळच्या एका शाळेत आम्ही दोघी शिकवायचो. ती गणित, मी मराठी. एका कारखान्यानं मोडीत काढलेला कॉम्प्युटर तिनं मागून आणला, स्वतः खटपट करून प्रोग्रॅम लिहिला आणि शाळेची घंटा त्याला जोडली. वार बघून तो घंटा द्यायचा. एरवी अकराची शाळा, शनिवारी सकाळची, रविवारी गप्प. वर्षाचे मात्र शेवटचे दोनच आकडे त्याला कळत. दोन हजार साल येईल तेव्हा बघू, म्हणायची. आलं की मग!

पहिली जानेवारी शनिवारी आली. पोरं सकाळी मैदानात, घंटेचा पत्ता नाही. दोन शून्यं बघून पठ्ठ्यानं एकोणीसशे साल धरलं होतं आणि त्या साली तो दिवस होता सोमवार. शिपायानं जुना पितळी टोल बडवून शाळा भरवली. अकराला पोरं घरी निघाली, तर शाळा भरल्याची घंटा दणदणीत वाजली. रविवारी आम्ही दोघी दुरुस्तीला गेलो, तेव्हाही तेच. शेजारची आजी नातवंडांना न्हाऊमाखू घालून दारात हजर. "बाई, आज शाळा हाय का नाय?"

मुख्याध्यापकांनी बजावलं होतं, पुढच्या शनिवारी घंटा चुकली तर ते डबडं भंगारात. सुनंदाचं तोंड एवढंसं झालं. तिचा जीव होता त्यात. संध्याकाळी शिळफाट्याला तिच्या घरी तिनं ट्रंकेतून लग्नाच्या वर्षाचं, बहात्तरचं कॅलेंडर काढलं आणि नव्याशेजारी ठेवलं. "अगं, वार न् वार जुळतोय!" सोमवारी तिनं यंत्रात बहात्तर घातलं. शनिवारी घंटा वेळेवर वाजली आणि मुख्याध्यापकांनी सगळ्यांना वडे खिलवले. अख्ख्या शाळेला स्वतःच्या लग्नाच्या वर्षात नेऊन बसवलंस की गं, म्हणून मी तिला जन्मभर चिडवलं.

शेवटची भेटले तेव्हा आवाज खोल गेला होता, पण विषय तोच. "यंत्रात आता सत्त्याण्णव चाललंय. नव्याण्णव संपलं की पुन्हा बहात्तर घाल. तेव्हाही वार जुळतात, मी बघितलंय. तूच घाल हं."

मला त्यातलं काय कळतंय, म्हटलं, तर हसली नुसती.

गेल्या शनिवारी शाळेत गेले. आताच्या मुख्याध्यापिका सुनंदाच्याच विद्यार्थिनी. मॉनिटर बदललाय, यंत्र तेच. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, आकडे कुठे दाबायचे ते दाखवलं. मी दाबून बघितले, आधी सात, मग दोन... मग पुसून टाकले. तेवढ्यात शाळा सुटल्याची घंटा झाली आणि पोरं ओरडत बाहेर पडली.

अजून दोन वर्षं आहेत. तोवर मला टिकायलाच हवं. बाईनं कामच तसं लावून ठेवलंय.