हाताला सोसेल एवढं पाणी

इंजिन किती तापलं हे पाहायला सूर्यभानला काटा कधी लागला नाही. इंजिनातून फिरून बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली तो तळवा धरी, डोळे मिटी आणि सांगे, "गार हाय, पळवा." भोकरवाडीच्या विहिरीवर पहिलं ऑइल इंजिन आलं, तेव्हापासूनची ही सवय. आता विहीर नव्हती आणि भोकरवाडीही नव्हती. मुळा धरणाचं पाणी चढलं आणि गाव त्याखाली निजलं. माणसं चार दिशांना पांगली. सूर्यभान तेवढा पाण्याला चिकटून राहिला. धरणावर पाहणीसाठी वेगाची बोट आली, तेव्हा तिच्या इंजिनावर त्याला नेमलं.

पगार हा नुसता बहाणा. रोजच्या फेरीत बोट धरणात बुडायची राहिलेल्या टेकडीखाली आली, की तो इंजिन बंद करी आणि घटकाभर गप बसे. तिथं खाली, सहा-सात पुरुष खोल पाण्यात, त्याची विहीर होती. त्या विहिरीच्या बांधालाच, पाणी चढायच्या आदल्या पौषात, त्यानं बायकोला, राहीबाईला अग्नी दिला होता. जगात तिची म्हणून एवढीच जागा उरली होती, आणि ती बोटीवाचून गाठता येत नव्हती.

पण बोट पळेना. मागून जाड पांढरा धूर सोडी, खोकल्यागत आवाज करी आणि निम्म्या वेगाला आली की दमे. धरणावरचे साहेब दोन महिने बघत राहिले. मग एके दिवशी धरणाच्या भिंतीवर उभे राहून म्हणाले, "सूर्यभान, सोमवारी मी स्वतः बसणार. टेकडीला वळसा घालून अर्ध्या तासात परत यायचं. नाही जमलं, तर बोट दुसऱ्या धरणावर जाईल. तिथं नवं इंजिन बसवतील."

त्या रात्री सूर्यभानला भाकर गेली नाही.

त्यानं केडगावहून अब्दुलला बोलावणं धाडलं. अब्दुल म्हणजे ट्रकांचे रेडिएटर डागणारा त्याचा जुना दोस्त. त्यानं इंजिनाचं झाकण काढलं, आत बघितलं आणि डोक्याला हात लावला.

"सूर्या, हिथली पितळी झडप कुठं हाय?"

"काढली. पाण्याची वाट अडवीत हुती."

"काढून ठिवली कुठं?"

सूर्यभाननं हनुवटीनं धरणाकडं दाखवलं. बोट आली त्याच दिवशी त्यानं ती भिरकावून दिली होती. विहिरीवरच्या माणसाला एकच शास्त्र ठाऊक: पाणी जितकं गार, तितकं इंजिन सुखी.

अब्दुल पोट धरून हसला. "वा रे इंजिनवाले! अरं, पानी तापेस्तवर वाट धरून ठिवायला तर ती झडप हुती. तुजी विहीर ती केवढीशी! हिथं सारं धरण त्या इंजिनाच्या आंगावर वतलंस. पौषात उघड्या माणसाला गार पान्याची आंगूळ घातल्यावर तो पळंल का कुडकुडंल?"

"मला शिकवू नगंस, अब्दुल. मी वीस वरसं इंजिनं चालवली."

"चालवली, व्हय. पन आइकलं कुनाचं न्हाई," अब्दुल म्हणाला आणि पिशवी उचलून चालता झाला.

रविवारी सकाळी सूर्यभाननं एकट्यानं बोट सुरू केली. कडेच्या नळीतून पाणी पडत होतं, त्याखाली त्यानं तळवा धरला. जसं गार आत गेलं तसंच गार बाहेर आलं होतं. बोटं बधिर झाली, आणि त्या बधिर बोटांना राहीबाई आठवली.

थंडीच्या दिवसांत ती पहाटे विहिरीवर येई, त्याची पाठ वळली की इंजिनाच्या पाण्याचा कॉक अर्धा फिरवी आणि नळीखाली हात शेकत बसे. कधी त्याच पाण्यानं केस धुई. तो ओरडे, "राही, इंजिन जाळशील!"

"जाळत न्हाई," ती म्हणे. "आइका तरी. गप चाललंय का न्हाई? त्येला बी थंडी वाजती, अवो."

आणि खरंच, त्या घडीला धूर विरळ होई, ठोका स्वच्छ पडे. ते त्याच्या कानांना कळे. तोंडानं मात्र त्यानं एकदाही तसं कबूल केलं नाही. तिच्यासमोर कॉक पुन्हा सताड उघडला होता, दर वेळी.

तो तसाच राहुरीला गेला, एक पितळी कॉक आणला आणि संध्याकाळपर्यंत पाण्याच्या वाटेवर बसवला.

सोमवारी साहेब घड्याळ काढून बसले. सूर्यभाननं कॉक जवळजवळ मिटला, तळवा नळीखाली धरला आणि वाट बघितली. पाणी कोमटलं. धूर पातळ झाला, मग दिसेनासा झाला. बोटीनं नाक उचललं आणि ती धावली. जसा वेग वाढे, तसं पाणी चटका देई. तो कॉक केसभर उघडी. फार उघडला की इंजिन रुसे, मग केसभर मिटी. एक हात चाकावर, दुसरा नळी आणि कॉक यांच्यात फिरता. टेकडीचा वळसा नेमका विहिरीवरून होता. आज तिथं थांबायचं नव्हतं. त्यानं खाली पाहिलंही नाही.

"सत्तावीस मिनिटं," भिंतीशी आल्यावर साहेब म्हणाले. "पाणी किती गरम ठेवत होतास?"

"बाळंतिणीच्या आंगुळीला लागतं तेवढं, साहेब."

साहेब हसले. "हे कागदावर कसं लिहू? बरं, राहू दे बोट इथंच."

दुसऱ्या दिवशी फेरीत सूर्यभान टेकडीखाली आला. हात रोजच्या सवयीनं इंजिन बंद करायला गेला आणि मध्येच थांबला. त्यानं इंजिन मंद चालू ठेवलं, कॉक अर्धा मिटला आणि नळीखाली तळवा धरला. पाणी हाताला सोसेल एवढं झालं, तेव्हा त्यानं हात काढून घेतला. नळीतली कोमट धार खालच्या गार पाण्यावर पडू लागली. वर जराशी वाफ धरली.

"व्हय गं," तो म्हणाला. "गप चालतंय."

दिवस पौषाचे होते. त्यानं धार बराच वेळ पडू दिली.