कोट घातलेली घोरपड

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बंगळुरातल्या इंदिरानगरात एका छोट्या ॲनिमेशन कंपनीत मी पुण्याहून येऊन लागलो होतो आणि प्रोबेशनचा शेवटचा आठवडा चालू होता. लंडनच्या गिऱ्हाइकाला मुलांच्या मालिकेसाठी ‘फरी’ पात्रं हवी होती, म्हणजे माणसांसारखी वागणारी जनावरं. एवढंच ना, म्हटलं! कोल्ह्याला जाकीट, अस्वलाला चष्मा, घोरपडीला कोट. सगळ्यांना दोन पायांवर उभं करून आठ चित्रं पाठवली.

फॅक्स आला : ‘यातलं एकही फरी नाही. ही नुसती कपडे घातलेली जनावरं. उद्या दुपारी फोन करू.’

आमच्या मालकांना सगळे अण्णा म्हणत. तीन पिढ्या बंगळुरात मुरलेलं मराठी घर. त्यांनी फॅक्स माझ्या नाकासमोर धरला. "काय करून ठेवलास रे हे? उद्या तूच बोल. काम गेलं तर तूपण जा. सरी? कळलं?"

दुसऱ्या दिवशी स्पीकरवर लंडनच्या एका बाईंचा शांत आवाज आला. समोर अण्णा.

"कोल्ह्याचं जाकीट काढलं तर काय उरतं?"

"कोल्हा," मी म्हणालो. प्रामाणिकपणाची उबळ मला नेहमी नको तेव्हाच येते.

"अस्वलाचा चष्मा काढला तर?"

"अस्वल."

अण्णांनी कपाळावर हात मारला.

"घोरपडीला काढूनच टाकतो," मी घाईघाईने म्हणालो. "तिच्या अंगावर तर केसही नाहीत."

"केसांचं सोडा हो. तिला भीती कशाची वाटते?"

त्या क्षणी मला एकाच प्राण्याची भीती ठाऊक होती, माझी स्वतःची. घाबरलं की माझं इंग्रजी सुसाट सुटतं. "ती भाड्याच्या खोलीत राहते. घरमालकीणबाई कडक सोवळ्याच्या. ही ट्रंकेत अंडी लपवते, बादलीत हीटर टाकून उकडते, टरफलं रुमालात बांधून ऑफिसात नेऊन टाकते. बाईंनी नुसतं ‘झोप लागली का?’ विचारलं, तरी हिला वाटतं, वास आला!"

बोलता बोलता लक्षात आलं, अण्णा समोरच बसलेत. माझ्या घरमालकीणबाई म्हणजे अण्णांची सख्खी अक्का. खोली अण्णांनीच मिळवून दिली होती. थांबावं तर नोकरी जाणार, बोलावं तर खोली.

"मग? पकडली जाते?"

"अजून नाही," मी म्हणालो. "पण आता जाईलसं वाटतं."

लंडनच्या बाई म्हणाल्या, "हिचा कोट काढला तरी ही लपवालपवी करतच राहील. ही झाली फरी. बाकीची सातही अशीच करून पाठवा."

फोन ठेवला. अण्णा माझ्याकडे वळले.

"ती टरफलं तुझी होय? मी वॉचमनला बोललो की रे!" मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, "तोंड असंच ठेव. आधी हे काढ जा."

ॲनिमेशनवाल्याच्या टेबलावर हावभाव बघायला आरसा असतोच. त्यात बघून घोरपडीचं तोंड काढत बसलो. अक्कांना सांगणार का, हे विचारायची मात्र हिंमत झाली नाही.