दरबार हॉलचं माप

आयुष्यात एकदाच मला राजवाड्याच्या पहारेकऱ्याने सलाम ठोकला, आणि तोही चुकून.

ही गोष्ट भिलाईत कारखाना उभा राहत होता तेव्हाची. मी एस्टिमेट विभागात बाबू होतो. कामगारांचे क्वार्टर बांधायचे, तर विटा किती, सिमेंट किती, हे काढून देणं माझं काम. कातडी डबीतली टेप कायम खिशात असायची. (घरी खुंटी ठोकायची असली तरी मी आधी भिंत मोजायचो. बायको तोवर पिशवी हातात धरून उभी असायची.)

आईवडिलांच्या मागे धाकट्या सुमनचं लग्न ही माझी जबाबदारी होती. भंडाऱ्याचे निवृत्त हेडमास्तर ढोमणे गुरुजी आपल्या मुलाला, वसंताला, घेऊन शनिवारी तिला पाहायला आले. वसंता जवळच चरोद्याला रेल्वेत होता. मुलगा मला पसंत होता. सुमनलाही असावा, कारण इतरांना तिने पोहे एकदा वाढले आणि त्याला पुन्हा पुन्हा.

अडचण होती गुरुजींची. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. समोर धूळ, धुळीत क्रेन आणि क्रेनच्या पलीकडे कारखान्याच्या अर्ध्यावर आलेल्या धुराच्या चिमण्या.

"भोयर, तुमच्या गावात जुनं असं काई हाये का?"

"नाई गुरुजी. पोस्टाची इमारतही आत्ता झाली."

"देऊळ?"

"पाया खोदून राहिले."

गुरुजींनी बशीतला चहा संपवला. "ज्या गावात कोनाचा आजा मेला नाई, त्या गावात सोयरीक कशी करावं? उद्या कारखाना उठला तर तुमी कुठं जाल?" मग टोपी डोक्यावर ठेवत म्हणाले, "घरी जाऊन कळवतो."

या 'कळवतो'चा अर्थ मुलीकडच्यांना समजावून सांगावा लागत नाही. सुमन कपबश्या घेऊन आत गेली आणि बराच वेळ एकच कप धूत राहिली. तो आवाज ऐकवेना, म्हणून मी बोलून गेलो, "गुरुजी, जुनं हाये ना आमच्याकडं. उद्या रविवार. तुमाले राजवाडा दाखवतो. खास तुमच्यासाठी उघडायला लावतो."

दाराआडून बायकोने डोळे वटारले. माझी राजवाड्याशी ओळख किती, हे तिला ठाऊक होतं.

ओळख होती आमच्या ऑफिसात सामान उचलणाऱ्या रामाधीन खलाशाची. त्याचा काका एका जुन्या छोट्या संस्थानच्या वाड्यात कारभारी होता, आणि रामाधीन दर शनिवारी संध्याकाळच्या गाडीने गावी जायचा. स्टेशनवर त्याला गाठून मी सांगितलं, "काकाले म्हणा, पाहुणे घेऊन येतो. वाडा नीट दाखवा." त्याने मान डोलावली. काकाला जाऊन त्याने नेमकं काय सांगितलं, ते मी विचारायला हवं होतं.

रविवारी आम्ही पाच जण निघालो. मी, बायको, सुमन, गुरुजी आणि वसंता. आधी रेल्वे, मग टांगा. फाटकापाशी टांगा थांबला आणि पहारेकऱ्याने टाच आपटून सलाम ठोकला. मी मागे वळून पाहिलं. मागे फक्त टांग्याचा घोडा होता. म्हणजे सलाम मलाच.

कारभारी अचकन घालून पायऱ्यांवर उभे होते. अचकनीला बटणं कमी होती, पण अदब पुरेपूर. "आइए हुजूर, आपने बड़ी तकलीफ की." चांदीच्या पेल्यांतून सरबत आलं. कुलपं लागलेल्या खोल्याही आमच्यासाठी उघडण्यात आल्या. शस्त्रांची खोली, राजेसाहेबांची पालखी, एक मोडका पियानो. दर दाराशी कारभारी मला पुढे करायचे आणि स्वतः मागे सरायचे.

गुरुजी माझ्या कानाशी आले. "भोयर, तुमाले इकडं भलतेच मानतात."

"कामानिमित्त ओळख," मी म्हणालो. (यात खोटं काही नव्हतं. मी नंतर तपासून पाहिलं.)

गुरुजींच्या चेहऱ्यावरचा हेडमास्तर हळूहळू उतरू लागला. सुमनला त्यांनी पहिल्यांदाच 'पोरी' म्हटलं. बायकोने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जसं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षानंतर तिने कधी पाहिलंच नव्हतं. आता इथेच हात जोडून निरोप घेतला असता तर?

पण आम्ही दरबार हॉलमध्ये शिरलो. एवढी मोठी खोली मी जन्मात पाहिली नव्हती. हात आपोआप खिशात गेला.

"वसंतराव, हे टोक धरा जरा."

वसंता आज्ञाधारक. टोक धरून तो पार दुसऱ्या भिंतीकडे गेला. मध्ये जाडजूड खांब होते, त्यांना वळसा घालून आम्ही टेप ताणली. कारभाऱ्यांचा चेहरा पांढरा पडला.

"हुजूर, छत एकदम मजबूत है."

मी वर पाहिलं. खोटं बोलणं मला जमत नाही. "कोपऱ्यात गळते आहे."

कारभारी त्या ओल्या डागासमोर जाऊन उभे राहिले. मी दुसऱ्या कोपऱ्याकडे वळलो, तर तेही लगबगीने तिकडे. तिसऱ्या कोपऱ्यातली भेग झाकायला त्यांनी नोकराकरवी वाघाचं कातडं आणवलं आणि नोकराला ते धरून भिंतीशी उभं केलं. हे कातडं दाखवण्याची इथली रीतच असावी, असं समजून मी त्याचंही माप घेतलं.

"दादा, पुरे झालं ना," सुमन दबक्या आवाजात म्हणाली.

"एक भिंत राहिली," मी म्हणालो आणि प्लास्टर पोकळ आहे का पाहायला भिंतीवर बोटांनी ठोकलं. (क्वार्टर तपासताना आम्ही सगळेच ठोकतो.) भिंतीतून एक दीर्घ निःश्वास आला. प्लास्टरचा पापुद्रा सुटला, छतातले पारवे उडाले आणि वर भिंतीला लावलेलं पेंढा भरलेलं सांबराचं डोकं शिंगांसकट निघून खाली सोफ्यावर, तिथे टेकलेल्या गुरुजींच्या बाजूला येऊन बसलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

कारभाऱ्यांनी हात जोडले. डोळ्यांत पाणी. "हुजूर, जो लिखना है लिखिए, मगर इसे तुड़वाइए मत."

"तोडायचं? कोणी?"

तेवढ्यात पडदा बाजूला झाला आणि काठी टेकत एक वृद्ध राणीसाहेब आत आल्या. पांढरी साडी, ताठ मान. स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "कारखान्याचे साहेब आपणच का? वाडा घ्यायचा असेल तर घ्या. फक्त माझे डोळे मिटेपर्यंत थांबा."

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या काळी कारखान्यासाठी गावंच्या गावं घेतली जात होती. शेतात टेपवाला माणूस उभा राहिला की आठवडाभर गावात चूल धड पेटत नसे. रामाधीनने काकाला इमानेइतबारे सांगितलं होतं की कारखान्याचे एस्टिमेटवाले साहेब येत आहेत. आणि मी, तेवढं कमी पडू नये म्हणून, टेप काढून भिंती ठोकत होतो!

खरं सांगावं तर मी गुरुजींपुढे साहेबाचा बाबू होणार, आणि सोयरीक गेली. गप्प राहावं तर या म्हातारीची झोप उडणार. मी तोंड उघडलं, पण आवाज सुमनचा आला.

"राणीसाहेब, आमच्या दादाले कोनी पाठवलं नाई. तो कारखान्यात बाबू हाये, साहेब नाई. टेप त्याची सवय हाये. आमच्या घरी तो पोळपाटही मोजते. माझी सोयरीक जमावं म्हणून ह्या गुरुजींले जुनं काई दाखवून राहिला, एवढंच."

राणीसाहेब हसायला लागल्या. इतकं, की कारभाऱ्यांनी त्यांना खुर्ची दिली.

"माझं माहेर नागपूरकडचं ग," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "कोणी 'दाखवून राहिला' म्हटलेलं ऐकून किती वर्षं झाली. बरं, मग जमली का सोयरीक?"

सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. सोफ्यावरून सांबरही त्यांच्याचकडे पाहत होतं. राणीला 'घरी जाऊन कळवतो' म्हणण्याची सोय नव्हती.

दूरच्या भिंतीशी वसंता अजून टेपचं टोक धरून उभा होता. "बाबा," तो म्हणाला, "मी हे सोडू का धरून राहू?"

"कावून सोडतं? धरून राय," गुरुजी म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "भोयर, तुमचं गाव नवीन हाये, ते मले पटलं नाई. पण पोरगी राणीसमोर खरं बोलली. आता गाव जुनं व्हायची वाट पाहू. त्यात हे दोघं राहतील, म्हणजे होईलच."

मान खाली घालून सुमन वाघाच्या कातड्याकडे निरखून पाहू लागली. नोकराने ते अजून धरलेलंच होतं.

"लग्न इथंच करा," राणीसाहेब म्हणाल्या. "या हॉलमध्ये फार दिवसांत सनई वाजलेली नाही. आणि माप तर यांनी घेतलेलंच आहे."

लग्न तिथेच झालं. गळका कोपरा मी स्वतः उभं राहून दुरुस्त करून घेतला आणि पंगतीचा नकाशा रात्री जागून काढला. हॉलची लांबी, रुंदी, पाटाची जागा, वाढप्यांची वाट, सगळं इंचाइंचाने बसवलं. भिलाईत एवढा बिनचूक नकाशा कोणाचा निघाला नसेल, असं मी बायकोला म्हणालोही.

पंगत बसली तेव्हा कळलं की हिशोबात खांब धरायचे राहिले होते. ज्यांना वळसा घालून मी टेप ओढली होती, तेच खांब. प्रत्येकामागे दोन-तीन पाहुणे वाढप्याला दिसेनात, आणि वाढपी त्यांना. खांबाआडून "वरण! इकडं वरण!" असे आवाज येत राहिले, जसे काही वाड्यातले पूर्वजच जेवायला मागत होते. व्याही म्हणून मानाच्या पाटावर बसवलेले गुरुजीही खांबामागेच निघाले.

"एस्टिमेट बाबू," खांबामागून आवाज आला, "मी अजून तुमच्याच पंगतीत हावो ना?"

माझं स्वतःचं पान मांडायला कुठे जागाच उरली नाही. शेवटी कारभाऱ्यांनी मला भिंतीशी, त्या दिवसापासून खालीच ठेवलेल्या सांबराच्या डोक्याशेजारी बसवलं. त्या हॉलमध्ये जागा हुकलेले आम्ही दोघंच होतो, आणि दोघांचीही जागा मीच घालवली होती.