अवसरीचे सरखेल

अवसरी बुद्रुकहून समुद्र गाठायला दोन एस.टी. बदलाव्या लागत आणि एक घाट उतरावा लागे. तरीही मराठ्यांच्या आरमारातल्या गुराबीबद्दल गावात एक ठाम मत होतं. ते बैलगाड्या बनवणाऱ्या एका माणसाचं होतं. गावानं त्यांना सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, अशी पदवी दिली होती. देताना गाव हसलं होतं. घेताना ते हसले नव्हते.

गुराब म्हणजे शिडाची लढाऊ नाव. उथळ बूड, पुढं काढलेलं टोकदार नाक आणि त्या नाकावर समोर मारा करणाऱ्या तोफा. इंग्रजांची जहाजं उंच, तोफा कडेला. सरखेल दोन्हींची तपासणी बैलगाडीच्या नियमांनी करत. "ज्याच्याशी भांडायचं त्याच्याकडं तोंड करून भांडावं," ते म्हणत. "ह्ये इंग्रज आडवं उभं ऱ्हाऊन कडंनं मारनार. ही काय रीत झाली?" उथळ बुडाबद्दल त्यांचा निकाल याहून लहान होता. "चिखलात रुततं ते वाहन न्हवं, वझं."

वीस वर्षांत या विषयावर त्यांचा एकदाही पराभव झाला नाही. गावात जहाजांबद्दल दुसरं मत नव्हतं, हे त्याचं मुख्य कारण. ते पारावर बोलू लागले की मंडळी बिडी शिलगावत आणि कांद्याच्या रोपांचा विषय काढत. सरखेल याला मूक संमती समजत. समुद्र त्यांनी एकदाच पाहिला होता, अलिबागला. "गेलो तवा ओहोटी व्हती," ते सांगत. "पानी लई लांब गेलं व्हतं. पर अंदाज आला."

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या मुलीला, सुनंदाला, शिनोलीहून स्थळ आलं. मुलगा नौदलात, जहाजाच्या इंजिनावर कामाला. सुट्टीचे आठ दिवस उरले होते. दोघांनी एकमेकांना पसंत केलं आहे, हे पोह्यांच्या बशा रिकाम्या होण्याआधीच सगळ्यांना दिसलं. चहा यायचा होता. तेवढ्यात सरखेलांनी विचारलं, "तुमी दर्यावर असता. गुराब चांगली, का इंग्रजांचं जहाज?"

"अवो, पगार इचारा," सुनंदाची आई आतून म्हणाली.

मुलानं प्रश्न गांभीर्यानं घेतला. ती त्याची चूक होती. "किनाऱ्याजवळ गुराब लई चांगली, मामा. पण खोल पाण्यात समोरून लाट आली की तिचं नाक बुडतं. सगळा भार पुढं. तुमच्या गाडीच्या भाषेत, धुरजड."

धुरजड गाडीचा भार बैलांच्या मानेवर येतो आणि त्यांचे खांदे सोलून निघतात. गाडी बनवणाऱ्याला याहून मोठी शिवी नाही. सरखेलांनी चहा घेतला, पाहुण्यांना वेशीपर्यंत पोचवलं आणि दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला: मुलगा चांगला आहे, विचार जुळत नाहीत.

सुनंदानं दोन दिवस बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी ते चाकाला आरे बसवत होते, तिथं ती येऊन उभी राहिली. "अण्णा, मला त्यांच्या घरात नांदायचंय, गुराबीत न्हाई. आन् तुमचा येवढा भरवसा असंल तर बनवा एक आणि सोडा डिंभ्याच्या धरणात. नाक बुडालं तर स्थळ पक्कं."

"आन् न्हाई बुडालं तर?"

"तर तुमी म्हनाल तिथं."

तीन दिवसांत दीड हात लांबीची सागवानी गुराब तयार झाली. तोफांच्या जागी नाकावर ट्रॅक्टरचे जुने नट बसवायचे होते. त्यातले चार कमी घातले असते तर मुलाचं म्हणणं खोटं पडलं असतं. हे सरखेलांइतकं कोणालाच कळत नव्हतं. त्यांनी नट पुरे घातले.

धरणाच्या काठावर तिघंच होते: सरखेल, सुनंदा आणि निरोप धाडून बोलावलेला शिनोलीचा मुलगा. वाऱ्याबरोबर सोडल्यावर शीड फुगलं आणि नाव देखणी गेली. "बघा, पावणं!" सरखेल म्हणाले. "बघतोय मामा. आता वाऱ्याच्या तोंडी घ्या." नाकाला दोरी बांधून, काठानं चालत, सरखेलांनी ती लाटांवर ओढली. तिसऱ्या लाटेला नाक खाली गेलं आणि मागची बाजू वर आली. त्यांनी आतलं पाणी ओतून टाकलं आणि पुन्हा ओढली. असं चार वेळा केलं. सुनंदा पहिल्या वेळेपासूनच धरणाच्या भिंतीकडं तोंड करून उभी होती, आनंद दिसू नये म्हणून. शेवटी दोरी गुंडाळत सरखेल म्हणाले, "धुरजड हाय."

वीस वर्षांची भूमिका बदलायची तर ती जाहीरपणे बदलली पाहिजे, असं त्यांना वाटलं. संध्याकाळी पारावर ते उभे राहिले. "मंडळी, गुराबीबाबत माझी चूक झाली. खोल पान्यात, समोरच्या लाटंला, ती धुरजड हाय. किनाऱ्याजवळचं माझं म्हननं कायम हाय."

ते आजवर काय म्हणत होते, हेच कोणाला नीट आठवेना. अखेर एकानं विचारलं, "ते ऱ्हाऊ द्या, अण्णा. शिनोलीच्या स्थळाचं काय झालं?"

"जमलं."

"अवो, मग ते आधी सांगायचं न्हाई व्हय, राव? बसा की! तारीख कंची धरली?"

सरखेल थोडा वेळ उभेच राहिले. मग बसले, आणि त्यांनी तारीख सांगितली.